मातीची पेटी आणि पंचवीस पैशांचे पाणी

'लगान'च्या घवघवीत यशानंतर आशुतोष गोवारीकर यांचा 'स्वदेस' १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तिकीटबारीवर त्याचे फारसे स्वागत झाले नाही. ज्या प्रेक्षकाला अखेरच्या चेंडूवरचा षटकार हवा होता, त्याच्या पदरात तीन तासांहून अधिक काळ बसल्यावर विजेचा एक मिणमिणता दिवा पडला. चित्रपटगृहांनी लवकर निरोप दिलेल्या या चित्रपटाला मध्यमवर्गीय घरांनी मात्र कायमचे बोलावून घेतले. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो घरोघरी पुन:पुन्हा पाहिला जातो. ज्या घरातला मुलगा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहे, त्या घरात तर तो पाहण्याचा एक विधीच ठरून गेला आहे. देशाची हाक ऐकवणारे गीत सुरू झाले की आई डोळ्यांना पदर लावते, वडील चष्मा पुसतात, आणि चित्रपट संपल्यावर मुलाशी संभाषण होते. बोलणे तब्येतीचे, हवापाण्याचे, नातवाच्या शाळेचे. परत येण्याचा विषय कोणीच काढत नाही.

या अश्रूंची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. ते खरे असतात. परंतु प्रेक्षक ज्या जागी रडतो आणि चित्रपट ज्या जागी बोट ठेवतो, त्या दोन जागा एक नाहीत. 'स्वदेस' हा परदेशातून मायदेशी आलेल्या एका शास्त्रज्ञाची कथा आहे, एवढेच मनाशी धरून पाहिले तर तो एक गोड कौटुंबिक चित्रपट ठरतो. त्यातल्या लहानसहान वस्तूंकडे, पात्रांच्या नावांकडे आणि एकमेकांसमोर आरशासारख्या उभ्या केलेल्या व्यक्तिरेखांकडे लक्ष गेले, की तोच चित्रपट अस्वस्थ करू लागतो. कारण मग त्यातला प्रश्न अमेरिकेत गेलेल्या मुलापुरता राहत नाही. घरात बसून चित्रपट पाहणाऱ्यांनाही तो विचारलेला असतो.

नावांची योजना

कथा सर्वपरिचित आहे. मोहन भार्गव नासामध्ये पर्जन्यमापनाच्या उपग्रह प्रकल्पाचा अधिकारी. आईवडील अपघातात गेलेले. लहानपणी ज्या कावेरीअम्माने त्याला सांभाळले, तिला अमेरिकेला नेण्यासाठी तो भारतात येतो. दिल्लीच्या वृद्धाश्रमात ती नसते. गीता नावाची तरुणी तिला उत्तर प्रदेशातल्या चरणपूर या आपल्या गावी घेऊन गेलेली असते. मोहन तेथे पोहोचतो, आणि न्यायला आलेला मुलगा स्वतःच गुंतत जातो.

या नावांकडे नीट पाहावे. जन्मदात्रीवाचून दुसऱ्या मातेच्या हातचे खाऊन वाढलेला मुलगा मोहन, आणि त्याला वाढवणारी आधुनिक यशोदा म्हणजे कावेरी. तिला नाव दिले आहे ते नदीचे. उपग्रहाच्या साहाय्याने साऱ्या पृथ्वीवरचा पाऊस मोजणाऱ्या मुलाला आपल्या घरची नदी कोठे आहे, याचा वर्षभर पत्ता नव्हता, हे कथेचे पहिले आणि सर्वांत बोचरे वास्तव आहे. गीतेचा धाकटा भाऊ नंदन. गीता तर गीताच. मूळ गीता मोहनाने सांगितली आणि संभ्रमात पडलेल्या वीराने ऐकली. येथे क्रम उलटला आहे. संभ्रमात पडला आहे तो मोहन, आणि त्याला कर्तव्याची आठवण करून देते ती गीता. गावाचे नावही असेच बोलके आहे. अंतराळाकडे डोळे लावलेल्या माणसाला कथा जेथे आणून सोडते, ते चरणपूर. उंची पुरेशी झाली, आता पायांशी ये, असे सांगणारे.

मोहन हे नाव आणखी एका परतीची आठवण करून देते. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या मोहनदास गांधींना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वर्षभर केवळ देश पाहण्याचा सल्ला दिला होता, आणि गांधीजींनी तो रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून पाहिला. चित्रपटातल्या मोहनचेही डोळे उघडतात ते रेल्वेच्या प्रवासातच.

मराठी वाचकाला या चरणपूरशी आणखी एक नाते जोडता येते. ते उभे राहिले आहे वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणविसांच्या वाड्याच्या आणि घाटाच्या गावी. पडद्यावर गंगा-यमुनेच्या प्रदेशातले गाव आणि प्रत्यक्षात घाटापाशी वाहणारी कृष्णा. गीतेच्या भूमिकेत नागपूरची गायत्री जोशी, वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथय्या यांची, छायालेखन महेश अणे यांचे; अणे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कावेरीअम्मा झाल्या त्या कन्नड अभिनेत्री किशोरी बल्लाळ. उत्तरेची कथा, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव आणि कर्नाटकाची आई. राष्ट्रीय एकात्मतेचे एकही भाषण न करता ती या चित्रपटाच्या घडणीतच उतरली आहे.

पाण्याचा प्रवास

चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे प्रतीक पाणी हे आहे, आणि दिग्दर्शकाने त्याचा प्रवास मोठ्या संयमाने वरून खाली आणला आहे. आरंभी ते आकाशात आहे. पृथ्वीवर पाऊस कोठे आणि किती पडतो हे उपग्रहाने मोजले, तर भावी टंचाईचा अंदाज बांधता येईल, असे मोहन पत्रकारांना समजावून सांगतो. पाणी येथे माहिती आहे.

मग ते बाटलीत येते. मोहन गावात येतो तो राहण्याची सगळी सोय असलेली गाडी घेऊन आणि सोबत बाटलीबंद पाण्याचा साठा घेऊन. गावात राहूनही तो गावाचे पाणी पीत नाही. यात त्याचा उर्मटपणा नाही, केवळ आरोग्याची काळजी आहे. परंतु ज्याच्या घरचे पाणी आपण पीत नाही, त्याच्या घरचे आपण नसतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पाणी हे या देशात शतकानुशतके माणसामाणसांतले अंतर मोजण्याचे साधन राहिले आहे. मोहनची बाटली ही त्या अंतराची सुशिक्षित आवृत्ती आहे.

हे अंतर मिटते एका क्षुद्र वाटणाऱ्या स्थानकावर. गीतेच्या जमिनीचा खंड वसूल करण्यासाठी मोहन कोडी नावाच्या गावी हरिदास या कुळाकडे जातो आणि रिकाम्या हाताने परत निघतो. गाडी एका स्थानकावर थांबते. एक कोवळा मुलगा मातीच्या कुल्हडातले पाणी पंचवीस पैशांना विकत डब्यांच्या खिडक्यांशी धावत असतो. मोहन ते पाणी घेतो आणि पितो. त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. संवाद जवळजवळ नाहीत. साऱ्या पृथ्वीच्या पावसाचा हिशेब ठेवू पाहणाऱ्या माणसाला चार आण्यांच्या पाण्याचा हिशेब उलगडतो. तो घोट घेऊन मोहन गावी परततो, आणि त्यानंतरच टेकडीवरच्या झऱ्याचे पाणी अडवून वीज निर्माण करण्याचा उद्योग आरंभतो. आकाशातली माहिती, बाटलीतली सुरक्षितता, कुल्हडातली वेदना आणि अखेर झऱ्यातली शक्ती. या चार पायऱ्यांतली तिसरी पायरी गाळून चौथीवर पोहोचता येत नाही. गावाच्या विकासाच्या किती तरी योजना कागदावर निर्दोष असूनही जमिनीवर का कोसळतात, याचे कारण या क्रमात सापडेल. योजना आखणाऱ्याने त्या गावचे पाणी प्यायलेले नसते.

दोन बेड्या

परंतु त्या कुल्हडातल्या पाण्यापूर्वीची रात्र अधिक महत्त्वाची आहे, आणि चित्रपटाचे मर्म तिच्यात आहे. हरिदास मूळचा विणकर. मागावर पोट भरेना म्हणून त्याने गीतेची जमीन खंडाने घेतली आणि तो शेती करू लागला. विणकराने माग सोडून नांगर धरला, हे गावाला रुचले नाही. गावाने त्याच्या शेताला पाणी दिले नाही. पीक गेले. खंड द्यायला पैसा नाही, आणि तरीही दारी आलेल्या पाहुण्यांना तो उपाशी जाऊ देत नाही.

आता हरिदास आणि मोहन या दोघांना शेजारी उभे करून पाहावे. दोघांनीही पोटासाठी आणि प्रगतीसाठी जन्माने ठरवून दिलेली सीमा ओलांडली आहे. मोहनने देश सोडला, हरिदासने व्यवसाय. मोहन गावात येतो तेव्हा त्याच्याभोवती गाव गोळा होते. त्याच्या गाडीचे, त्याच्या अमेरिकेचे सर्वांना अप्रूप वाटते. हरिदासला मात्र त्याचे गाव पाण्याचा थेंब देत नाही. दोघांचे कृत्य एकाच जातीचे. एकाला सन्मान, दुसऱ्याला शिक्षा. चित्रपट ही तुलना शब्दांत कोठेही करत नाही. खंड मागायला आलेला तरुण आणि खंड देऊ न शकणारा कुटुंबप्रमुख यांना तो केवळ समोरासमोर बसवतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांना त्यांनी मुद्दाम 'स्वदेशी' म्हटले होते. त्या कोणा परक्याने ठोकलेल्या नव्हत्या. आपणच आपल्या पायांत अडकवलेल्या होत्या, आणि म्हणून आपणच तोडायच्या होत्या. त्या सातांत एक होती सिंधुबंदी आणि दुसरी व्यवसायबंदी. 'स्वदेस'मधला मोहन हा सिंधुबंदी तुटल्याचा पुरावा आहे. हरिदास हा व्यवसायबंदी न तुटल्याचा पुरावा आहे.

येथे मध्यमवर्गाने थांबून विचार करावा. समुद्र ओलांडण्यावरचे निर्बंध आपण फार लवकर विसरलो. एकेकाळी विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज विमानतळावर हार घेऊन अख्खे कुटुंब उभे असते. जी बेडी आपल्या वर्गाच्या प्रगतीच्या आड येत होती, ती आपण तत्परतेने तोडली. जी दुसऱ्याच्या पायात होती, तिच्याबाबत मात्र परंपरा, गावाची रीत, हळूहळू बदलेल अशी उत्तरे आपल्या तोंडी येत राहिली. चित्रपटाचे नाव 'स्वदेस' आहे, आणि त्यातली सर्वांत कठीण वस्तू स्वदेशी बेडी ही आहे, हा योगायोग असेलही; परंतु विचार करण्याजोगा आहे.

पडद्याच्या दोन बाजू

हाच विचार दुसऱ्या एका प्रसंगात अधिक दृश्यरूपाने येतो. गावात चित्रपटाचा खेळ लागतो. मोकळ्या जागेत कापडी पडदा ताणलेला. पडद्याच्या पुढे गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि मागे, जेथून चित्र उलटे दिसते तेथे, खालची मानली गेलेली वस्ती. चित्र एकच, कापड एकच, बाजू दोन. कोणी कोणाला शिवीगाळ करत नाही, हाकलत नाही. बसण्याच्या जागा इतक्या अंगवळणी पडलेल्या आहेत की त्यात अन्याय आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अस्पृश्यतेचे चित्रण हिंदी चित्रपटांत पुष्कळ झाले, परंतु तिच्या या शांत, नित्याच्या रूपाचे इतके नेमके चित्र क्वचितच पाहायला मिळते.

दाखवला जाणारा चित्रपटही सहज निवडलेला नाही. तो आहे १९७३चा 'यादों की बारात'. लहानपणी ताटातूट झालेले भाऊ एका गीताच्या सुरांवरून एकमेकांना ओळखतात, ही त्याची कथा. म्हणजे हरवलेले भाऊ एकमेकांना कधी भेटतील याची उत्कंठा पडद्याच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि कापडाच्या पलीकडे बसलेला आपला भाऊच आहे हे मात्र कोणी ओळखत नाही. तेवढ्यात वीज जाते. चित्र विझते. अंधारात मोहन मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवतो, ताऱ्यांचे गाणे सुरू होते आणि त्या गाण्यातच मधला पडदा खाली येतो. उजेडात जे दिसत नव्हते, ते अंधारात दिसू लागते. ताऱ्यांना पुढची बाजू आणि मागची बाजू नसते. या गीतासाठी उदित नारायण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याचे खरे मोल त्या खाली आलेल्या कापडात आहे.

८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता जर चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असे नि:संदिग्ध शब्दांत सांगितले होते. ते भाषण ज्यांनी ऐकले वा पुढे वाचले, त्यांना या कापडाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न इतकाच की, तो पडदा आज आपल्या अवतीभवती कोणत्या रूपात ताणलेला आहे. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी बाजूला ठेवलेली कपबशी, सोसायटीतली वेगळी लिफ्ट, लग्नाच्या जाहिरातीतली एक ओळ. कापड पातळ झाले आहे, फाटलेले नाही.

अभिमानाची परीक्षा

राष्ट्रभक्त मनाला या चित्रपटातला एक प्रसंग पुष्कळदा खटकतो. पंचायतीत गावची मंडळी आपली संस्कृती, आपली परंपरा यांचा गौरव करतात, तेव्हा मोहन स्पष्ट सांगतो की, आपला देश जगात सर्वश्रेष्ठ आहे असे त्याला वाटत नाही. परदेशात राहिलेल्या तरुणाने येथे येऊन हे ऐकवावे, ही कोणती देशभक्ती, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. या देशाला हिणवणे हाच ज्यांचा व्यवसाय झाला, अशांची वाक्ये ऐकून कान विटले आहेत.

परंतु मोहनचे म्हणणे तेथे संपत नाही. हा देश महान होऊ शकतो आणि ते सामर्थ्य आपल्यात आहे, असे तो त्याच दमात सांगतो. आणि हे वाक्य तो केव्हा उच्चारतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. भारतात उतरल्या दिवशी त्याने ते उच्चारले असते, तर तो पाहुण्याचा शेरा ठरला असता. तो बोलतो हरिदासच्या घरचे अन्न खाल्ल्यावर, त्या स्थानकावरचे पाणी प्यायल्यावर. टीका करण्याचा अधिकार त्याने पाण्याबरोबर घेतला आहे. आणि बोलून तो थांबत नाही. गावकऱ्यांसोबत खणायला उभा राहतो. आईच्या आजाराचे निदान करणारा मुलगा आणि तिच्या आजाराची शेजारी चर्चा करणारा मुलगा, यांतला फरक समजतो तो औषध आणायला कोण जातो यावरून.

उलट पंचायतीतल्या मंडळींकडे पाहावे. परंपरेचा अभिमान त्यांच्या तोंडी केव्हा येतो? शाळेत सर्वांच्या मुलांना घ्यावे, मुलींना शिकवावे, असा विषय निघाला की. म्हणजे अभिमान तेथे उत्तर टाळण्याच्या कामी येतो. संस्कृती ही चालण्याचे बळ देणारी शिदोरी असते. तिचा वापर न चालण्याची सबब म्हणून होऊ लागला की तीच ओझे होते. रामलीलेच्या प्रसंगात हा विचार चित्रपटाने परंपरेच्याच भाषेत मांडला आहे. गीता तेथे सीता झाली आहे. तुझा राम कोठे आहे, असे विचारणाऱ्या रावणाला मिळणाऱ्या उत्तराचा आशय असा की, मनातला रावण जो काढून टाकील, त्याच्या मनातच राम आहे. परंपरेवर बोट ठेवणारा हा चित्रपट परंपरेच्या बाहेर उभा नाही. तो रामाच्याच आधाराने रावण ओळखायला सांगतो, आणि तो रावण लंकेत नसून पंचायतीच्या पारावरही असू शकतो, एवढेच सुचवतो.

पेटीतली माती

मोहन परत निघतो तेव्हा गीता त्याला एक पेटी देते. तिच्यात गावची माती, बियाणे अशा गोष्टी. निरोपाच्या वेळी भेट देण्याची रीत सगळीकडेच आहे, परंतु ही भेट शोभेच्या कपाटात ठेवण्याची नाही. बी आणि माती एकत्र ठेवली की ती स्मृती राहत नाही. ती जबाबदारी होते. बी पेटीत ठेवून जपता येत नाही. ते पेरावे लागते, किंवा ते मरते.

अमेरिकेत मोहनचा उपग्रह आकाशात जातो. आयुष्यभराच्या परिश्रमांचा तो क्षण. आणि त्या क्षणी त्याचे मन मात्र त्या पेटीपाशी असते. अखेरच्या दृश्यात हा शास्त्रज्ञ चरणपूरच्या मंदिराजवळ, पोस्टमास्तर निवारणशी कुस्ती खेळताना दिसतो. सारे अंग मातीने माखलेले. पेटीतली चिमूटभर माती आता अंगभर झाली आहे. आरंभी काचेच्या आणि पोलादाच्या इमारतीत, स्वच्छ कपड्यांत दिसलेला माणूस शेवटी आखाड्यात दिसावा, याहून बोलकी अखेर सापडली नसती. स्वामी विवेकानंद १८९६ च्या अखेरीस इंग्लंडहून मायदेशी निघाले, तेव्हा पश्चिमेचे वैभव पाहिल्यावर आता आपली भूमी कशी वाटेल, असे त्यांना विचारले गेले होते. आपण तिच्यावर पूर्वीही प्रेम करत होतो, आता तिची धूळही पवित्र वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. संघस्थानावरची माती कपाळाला लावून वाढलेल्या वाचकाला ही दोन्ही दृश्ये जोडून दाखवण्याची आवश्यकता नाही.

परतणे म्हणजे काय?

चित्रपटाच्या शेवटी मोहन तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात राहून काम करण्याचा मानस व्यक्त करतो. २००४ साली अनेकांना हा भाबडा आशावाद वाटला. पुढे घडले ते विलक्षण आहे. पर्जन्यमापनाचा तो जागतिक प्रकल्प कल्पित नव्हता. नासा आणि जपान यांचा त्याचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानच्या तानेगाशिमा केंद्रावरून अवकाशात गेला. त्यापूर्वीच, १२ ऑक्टोबर २०११ रोजी, भारत आणि फ्रान्स यांचा 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह श्रीहरिकोटाहून भारतीय प्रक्षेपकाने सोडला होता, आणि त्याची निरीक्षणे त्याच जागतिक प्रकल्पाच्या कामी आली. म्हणजे भारतात राहूनही साऱ्या जगाचा पाऊस मोजता येतो, हे मोहनचे स्वप्न पडद्याबाहेर, त्याचे नावही न घेता, पुरे झाले.

तरीही परतणे म्हणजे विमानाचे तिकीट, असा अर्थ घेतला तर चित्रपटावर अन्याय होईल. परदेशातून परतणाऱ्या कित्येकांच्या हातांत बाटली तशीच राहते. आणि काही जण परदेशात राहूनही कुल्हडातले पाणी विसरत नाहीत, सेवाकार्यांना आपल्या घामाचा पैसा आणि वेळ देतात. उलट जे कधीच देशाबाहेर गेले नाहीत, अशा पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या माणसांनाही चरणपूरपासून किती तरी दूर राहता येते. मूळचे मराठवाड्यातले नानाजी देशमुख १९७७ साली लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद त्यांनी नाकारले, आणि साठी गाठल्यावर राजकारण सोडून ते उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात ग्रामविकासाच्या कामाला लागले. पुढे चित्रकूटला त्यांनी ग्रामोदय विद्यापीठ उभे केले. दिल्ली ते गोंडा हे अंतर अमेरिका ते चरणपूर या अंतराहून कमी नव्हते. ते त्यांनी विनाकॅमेरा कापले.

आणि एक गोष्ट चित्रपटाने अपुरी सोडली आहे. चरणपुरात दिवा लागतो. सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी त्या उजेडाकडे पाहून 'बिजली' एवढाच शब्द उच्चारते, आणि प्रेक्षक समाधानाने भरून येतो. परंतु हरिदासच्या शेताला पाणी मिळाले का? त्याच्या गावाने त्याला विणकर असूनही शेतकरी होऊ दिले का? कथा पुन्हा त्या शेताकडे वळत नाही. हा पटकथेतला दोष म्हणता येईल. दिवा लावण्याचे शास्त्र मोहनला येत होते; माणसाच्या मनातला बांध फोडण्याचे शास्त्र एकट्या मोहनला येणारे नव्हते. ते काम त्या गावचेच होते, आणि आहे.

मुलाशी बोलणे झाल्यावर घरातला दिवा मालवताना ज्यांचे डोळे ओलावतात, त्यांनी त्या ओलाव्याचा थोडा भाग हरिदाससाठी राखून ठेवावा. मुलगा येईल किंवा येणार नाही. तो त्याचा निर्णय. पण कावेरीअम्मा ज्या वृद्धाश्रमात होती, तसा एखादा आपल्या गावातही आहे, आणि तेथे वाट पाहणारी माणसे आहेत. हरिदासची वस्तीही आपल्या घरापासून फार लांब नसते. तेथपर्यंत जायला पारपत्र लागत नाही. गेल्यावर कोणी पाणी पुढे केले, तर ते प्यावे, एवढेच.